नाखव्याला न दिलेला मासा

बारा-तेरा वर्षं मी मासे पकडायची नोकरी केली आणि त्यातला एकही मासा विकला नाही. आमच्या कोळीवाड्यात हे वाक्य मोठ्याने बोलायची अजून सोय नाही. ऐकणारा आधी हसतो, मग कीव करतो, आणि मग हळूच माझ्या बायकोकडे बघतो, की हिने या माणसाबरोबर संसार केला तरी कसा. त्या संसाराचीच गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी नोकरी समजावून सांगायला हवी.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या पलीकडे, शारजा ओलांडून पुढे, उम्म अल कुवैनला होतो. तिथे समुद्राची एक भलीमोठी उथळ खाडी आत शिरलेली आहे. काठाने तिवरांची झाडं, मध्ये वाळूचे पट्टे, आणि त्यांतून वाट काढत जाणारे खोल पाण्याचे चर. त्या खाडीत हौशी लोकांना गळाने मासे पकडायला नेणाऱ्या दोन फायबरच्या बोटी होत्या. एक मी चालवायचो. मालक अबू सैफ. पिकलेली दाढी, पांढरी पायघोळ कंदुरा, पायांत कायम झिजलेल्या सपाता. तरुणपणी ते गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळे त्यांची हिंदी थेट भाऊच्या धक्क्यावरची. माझं दामोदर हे नाव मात्र त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, त्यांनी दोनदा चावून बघितलं आणि म्हणाले, "खलास. तुम दावूद."

गिऱ्हाईक चार तासांचे चारशे दिरहम द्यायचं. बोट आमची, गळ आमचे, पाण्याच्या बाटल्याही आमच्या. आणि मासा लागला की तो परत पाण्यात सोडायचा, हाही नियम आमचाच. त्यातही मुख्य मासा म्हणजे क्वीनफिश. चपटी, लांब, चांदीसारखी, कुशीवर ओल्या बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग. गळाला लागली की पाण्याबाहेर अशी उडी मारते की पहिल्यांदा बघणारा माणूस हातातली काठीच सोडून देतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने खरोखरच सोडली होती. ती काठी अजून त्या खाडीत असेल.

मासा सोडणं म्हणजे नुसता पाण्यात टाकणं नव्हे, हे शिकायला मला वर्ष लागलं. गळाला उलटा काटा असतो, तो चिमट्याने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ ओठातून अलगद सुटतो. दोरा जाड वापरायचा, म्हणजे मासा खेळवत बसावं लागत नाही, पटकन जवळ येतो. हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. फोटोसाठी उचलायचा असेल तर फोटो काढणाऱ्याने स्वतः श्वास रोखून धरायचा. याला धाप लागली की मासा पाण्यात. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला हातात धरून ठेवायचं. तोच एकदा शेपटीने फटका मारतो, आपल्या तोंडावर पाणी उडवतो आणि जातो. ते पाणी तोंडावर आलं की समजायचं, काम झालं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. रुवैसच्या रिफायनरीत एक जोगळेकर साहेब होते, पुण्याचे, पक्के शाकाहारी. महिन्यातून एकदा चार-पाच तास गाडी हाकत यायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, खात नाही तर पकडता कशाला?" तर म्हणाले, "अहो, तुम्ही सोडायला लावता तेव्हा बाकीच्यांना वाईट वाटतं. मला वाटत नाही. मीच तुमचा खरा कस्टमर." त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी एकदा बरोबर होती. बाप मासा ओढतोय आणि ही बाजूला उभी राहून, "बाबा, ही इज टायर्ड. जस्ट लेट हिम गो!" साहेब घामाघूम होऊन म्हणाले, "अगं, मी पण टायर्ड आहे, मला कोण लेट गो करणार?"

हसू येतं आठवून. पण एक गोष्ट अशी आहे की तिथे हसू थांबतं.

पहिल्याच उन्हाळ्यात घडलं. तिथल्या खाडीत पौर्णिमा-अमावास्येला पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं. ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात, लहान चर आटतात, आणि सगळे मासे उरलेल्या एखाद्या डोहात गोळा होतात. खोलीएवढा डोह आणि त्यात शे-दोनशे मासे. वरून ऑगस्टचं ऊन. पाण्यात हात घातला तर न्हाणीतल्या पाण्याइतकं कढत लागतं. अशा डोहात गळ टाकला की आंधळ्यालाही मासा लागतो. अबू सैफ त्या दिवशी नव्हते. मी गिऱ्हाइकाला खूश करायला बोट नेमकी त्या डोहावर नेऊन उभी केली. त्याने अकरा क्वीनफिश पकडल्या. मी अकराही व्यवस्थित, ओल्या हाताने, प्रवाहात धरून सोडल्या. प्रवाह कुठला म्हणा, पाणी साचलेलंच होतं. गिऱ्हाईक इतकं खूश की त्याने मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू सैफ मला त्याच डोहावर घेऊन गेले. तिवरांच्या मुळांत नऊ क्वीनफिश पोट वर करून तरंगत होत्या. ओठाला गळाची भोकं. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा दम परत घेऊच शकत नाही, पोहत जाताना दिसतो आणि तासाभराने मरतो, हे त्यांनी मला तिथे समजावून सांगितलं. ओरडले नाहीत. एक-एक मासा मला उचलायला लावला आणि म्हणाले, "दावूद, ये तुमने छोडा नहीं. ये तुमने धीरे धीरे मारा."

कोळ्याच्या पोटी जन्मलो, लहानपणापासून हातांनी किती मासे मारले याची गणती नाही. कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या नऊ माशांचं वाटलं, आणि आजही वाटतं. खायला मारला असता तर तोंड वर करून सांगितलं असतं. हे मात्र कुणालाच नको असलेलं मरण होतं.

तेव्हापासून बोटीत एक थर्मामीटर आला, सुतळीला बांधलेला. ओहोटीने पाणी सुकलं आणि तापलं की गळ गुंडाळायचे. डोहावर जायचं ते फक्त लांबून बघायला. मालकाचा नियम होता तो, आणि माझाही झाला.

आता लग्नाची गोष्ट. तीन वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा माझा साखरपुडा झाला. आमच्या शेजारच्या गावात हिराजी नाखवा म्हणून मोठं प्रस्थ. दोन मोठ्या होड्या, सात-आठ खलाशी, आणि आवाज असा की दर्यात बोलला तर किनाऱ्यावर जाळी सोडवणारी माणसं उठून उभी राहायची. त्यांची मुलगी वनिता. साखरपुड्यात मी तिला पाऊण तास बघितलं आणि ती मला एकदाही दिसली नाही, कारण तिने मान वर केली नाही. लग्न पुढच्या सुट्टीत ठरलं. मी परत आलो, आणि होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडावी म्हणून एक छानसं पत्र लिहिलं. ते पत्र त्यांनी नंतर मला दाखवलं, म्हणून शब्द न् शब्द पाठ आहे:

"इकडे आल्यापासून मी मासे सोडले आहेत. सुरुवातीला जड गेले, पण आता सवय झाली. आमचे मालक स्वतः सोडतात व येणाऱ्या प्रत्येकाला सोडायला लावतात. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. लग्नानंतर वनितालाही हे पटेल अशी आशा आहे."

मराठीत "मासे सोडले" म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, हे मला दिरहम कमवायच्या नादात पार विसरायला झालं होतं. शाळेच्या मास्तरांनी हे पत्र ओटीवर सगळ्यांदेखत वाचलं. नाखव्याचा जावई मासे खायचं सोडतो? आणि वर पोरीलाही सोडायला लावणार? उलट टपाली दोन ओळींचं उत्तर आलं. "कुठल्या बुवाच्या नादी लागलास? लग्न थांबलं समज."

मी फोन केला, समजावलं. नाखवा म्हणाले, "खात असशील तर मग पकडून सोडतोस कशापायी? चारशे दिरहम म्हंजी चार हजार रुपये! चार हजार देऊन मानूस मासा पकडतो आनी परत दर्यात टाकतो? मना येडा समजतोस काय रं?" खरं सांगायचं तर त्यांचा संशय आता जास्तच वाढला होता. पहिल्या वेळी त्यांना मी माळकरी वाटलो होतो, आता लबाड वाटायला लागलो.

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, नाखवा मोकळे होते. शारजात त्यांच्या पुतण्याचं मसाल्या-पापडांचं दुकान होतं. त्याने व्हिजिट व्हिसा काढला आणि ऑगस्टात नाखवा जावयाची परीक्षा घ्यायला हजर. अंगावर लाल चौकटीचा शर्ट, काखेत पिशवी, पिशवीत सुके बोंबील. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "रांध. माझ्यासमोर खा."

मी रांधले, खाल्ले, ताट चाटून पुसून. त्यांनी माझ्या ताटाच्या कडेला काढलेले काटेकुटे बोटाने बाजूला करून तपासले. मग म्हणाले, "खातोस. बरं. एक काम झालं."

दुसरं काम राहिलं होतं. अबू सैफ आणि त्यांची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. दोघं म्हातारे खजुराचा वाडगा मधे ठेवून मोडक्या हिंदीत मुंबईच्या बंदराच्या गप्पा मारत बसायचे. दोघांच्याही आठवणीतली मुंबई चाळीस वर्षांपूर्वीची, आणि दोघांनाही ती आजच बघून आल्यासारखी. परतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं बोटीने निघालो. नाखव्यांना समुद्र दाखवायचा माझा बेत होता, पण बाहेर उत्तरेचा शमाल वारा सुटला होता, खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. नाखवा एवढे पट्टीचे दर्यावर्दी, त्यांनीही मान हलवली. म्हणून खाडीतच फिरलो. पौर्णिमा तोंडावर आलेली, ओहोटी खालपर्यंत उतरलेली. आणि फिरता फिरता तो डोह लागला.

नाखवा उठून उभेच राहिले. "आयला! मावरंच मावरं!"

मासे पाण्याच्या कातडीखाली एकमेकांना खेटून उभे होते. मी सुतळीचा थर्मामीटर पाण्यात सोडला. पस्तीसच्या वर.

"दामोदर," नाखवा म्हणाले, "उद्या माझं मुंबैचं इमान. खातोस ते मी बघितलं. आता मारता येतो का नाय ते बघायचंय. ज्याला मावरं धरता येत नाय त्याला मी पोर देनार नाय. मार एक."

"मामा, आज नको. पाणी सुकलंय."

"म्हनूनच तं सोपाय!"

"सोपं आहे म्हणूनच त्यात माझं कसब काय दिसणार? बादलीतला मासा कोण पण धरेल."

"मना कसब नको. मना मासा दाखव. मेला तर मरू दे, मी खातो त्याला. वाया जायचा नाय."

मी सांगायचा प्रयत्न केला. एक मासा गळाला लागला की सगळा डोह उधळतो, त्यांना पळायला जागा नाही, धावून धावून एकासाठी वीस दमतात आणि संध्याकाळपर्यंत तिवरांत तरंगतात. मग मला वाटलं, यांना यांच्या भाषेत सांगावं. म्हटलं, "मामा, तुम्ही पण पावसाळ्यात होड्या वर काढता ना? नारळी पुनवेपर्यंत जाळं टाकत नाही ना? तसंच हे."

"ते दर्या खवळतो म्हनून!" नाखवा गरजले. "मावऱ्यावर दया येते म्हनून नाय! मना शिकवतोस?"

डोहातले मासे त्या आवाजाने सुद्धा थोडे हलले. माझी पाचावर धारण बसली होती. वनिता डोळ्यांपुढे आली, म्हणजे तिचा भांग आला, कारण तेवढाच मी बघितला होता. एक मासा, फक्त एक, आणि सगळं सुरळीत. काठी हाताशी होती. मी मालकाच्या मागे लपलो. म्हटलं, "मामा, मालकाचा नियम आहे. माझी नोकरी जाईल."

अबू सैफनी माझ्याकडे बघितलं, नाखव्यांकडे बघितलं. मग हात वर करून म्हणाले, "दावूद, शादी का मामला है. आज मेरा रूल नहीं. मैं बोलता हूँ ना, मारो एक. यल्ला, चलो."

आता आली का पंचाईत! मालकाने स्वतः नियम बाजूला ठेवला. लपायला जागाच उरली नाही. नाखवा विजयाने माझ्याकडे बघत होते. मी काठी उचलली. गळ हातात घेतला. आणि मला त्या नऊ माशांची ओठाची भोकं दिसली, अगदी स्पष्ट, एकामागून एक. मी काठी परत ठेवली.

"नाही मामा," मी म्हटलं. "मालक हो म्हणतात, पण मी नाही मारणार."

"माझी पोर मागतोस," नाखव्यांचा आवाज चढला, "आनी मना एक मासा देत नाय?"

"भरती आली की दहा देतो. पुढच्या वर्षी या, वीस देतो. आज नाही."

नाखव्यांनी सपाता काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि धाडकन पाण्यात उतरले. मला वाटलं, आता हे हातानेच धरतात. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं. ते तसेच उभे राहिले. मासे त्यांच्या पायांना घासत होते आणि पळत नव्हते. एक क्वीनफिश त्यांच्या पोटरीला टेकून थांबली, कल्ले भराभर हलवत. नाखव्यांनी वाकून तिच्या पाठीवर बोट ठेवलं. तरी ती हलली नाही. जन्मभर मावरं धरलेला तो माणूस बराच वेळ बोट तसंच ठेवून उभा होता.

मग बोटीत चढले, धोतराच्या जुन्या फडक्याने पाय पुसले आणि म्हणाले, "दमलंय मावरं. ते खरं." फडकं पिळत पुढे म्हणाले, "पन तू मना नाय म्हनालास, ते बी खरं."

परतीच्या वाटेवर अबू सैफनी खजूर पुढे केला, नाखव्यांनी घेतला नाही. मी मनातल्या मनात साखरपुड्याची अंगठी परत नको, ती वनिताकडेच राहू दे, हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वगैरे काही वाटत नव्हता. गाढवपणा केला असं वाटत होतं.

धक्क्यावर उतरताच नाखवा म्हणाले, "फोन कुठंय? घरी सांगतो. उगाच पोरीला टांगती ठेवायची नाय."

कोपऱ्यावरच्या बकाल्याबाहेर, म्हणजे तिथल्या किराणा दुकानाबाहेर, कार्डाचा फोन होता. मीच कार्ड घातलं, मीच नंबर फिरवला. आपल्या लग्नाला आपल्याच हातांनी नकार पोचवायचा म्हणजे काय असतं, ते मला विचारा. नाखव्यांनी रिसीव्हर धरला. त्यांच्या आवाजाला फोनची गरज होती असं नाही.

"वनिता? मी बोलतो. आगो, ह्यो तुझा दामोदर. तोंडावर मना नाय म्हनला. माझ्या तोंडावर! एक मासा मागितला, मालक बी दे बोलला, तरी नाय. मी बोललो पोर देनार नाय, तरी नाय! ... आँ? ... काय?"

मग त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी भुवया चढल्या, मग ओठ हलले, मग त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, आणि परत कानाला लावला. पलीकडून बारीक पण ठाम आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. नाखवा दोनदा "आगो पन" म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्यांना पुढे बोलता आलं नाही. असं त्यांचं होताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि पुढे लग्नानंतरही फक्त तिच्यासमोरच बघितलं.

शेवटी त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "ती बोलते," ते म्हणाले, "आजवर ह्या घरात मना नाय म्हननारा मानूस तिनं बघितला नाय. बोलते, एक तरी निघाला. बोलते, तोच पायजे." आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून, बकाल्याच्या पायरीवर जाऊन बसले. अबू सैफ तिथे आधीच बसले होते. त्यांनी न विचारता खजुराचा वाडगा पुढे केला. या वेळी नाखव्यांनी घेतला.

मी रिसीव्हर कानाला लावला. साखरपुडा होऊन आठ महिने झाले होते आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"बाबांना नाही म्हणालात?" ती म्हणाली.

"हो."

"आणि उद्या मी काही मागितलं तर? मला पण असंच नाही म्हणाल?"

"नाही," मी म्हटलं.

पलीकडून ती अशी खळखळून हसली की पायरीवरून नाखवा ओरडले, "काय बोलला रं तिला?"